काढलेलं दार, पुरलेली कवटी

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या जुन्या शेतघरांची डागडुजी करताना चुलीपुढची मोठी फरशी उचलली, की कधीकधी खाली घोड्याची कवटी निघते. त्यात करणीचा वगैरे काही प्रकार नसतो. नाचणाऱ्याची टाच फरशीवर पडली की आवाज खालच्या पोकळीत घुमून वर यावा, म्हणून ती पुरलेली असते, असं तिथले लोक सांगतात. ज्यांच्या घरात फरशी नव्हती, नुसती चोपलेली माती होती, त्यांनी दुसरी युक्ती काढली होती. स्वयंपाकघराच्या दाराची खालची अर्धी फळी बिजागऱ्यांवरून उचलायची, जमिनीवर आडवी टाकायची आणि तिच्यावर नाचायचं. थंडीवाऱ्याच्या, पावसाच्या मुलखात माणसं नाचासाठी घराचं दार काढून ठेवत होती, या एका गोष्टीने मला या विषयात ओढलं.

मी नाचणाऱ्यांतला नाही. आपल्याकडे मी नाचलो तो लग्नाच्या वरातीत, तोही कुणी हात धरून ओढलं म्हणून. काही वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लेअर काउंटीतल्या मिलटाउन मॅलबे या गावी गेलो तो सनई-मश्कच्या जातीचं तिथलं वाद्य, इलन पाइप्स, ऐकायला. विली क्लॅन्सी नावाचा एक थोर पाइपवादक या गावचा, पेशाने सुतार. तो जानेवारी १९७३मध्ये गेला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने संगीताची शाळा भरवली. ती आजही दर जुलैत भरते आणि आठवडाभर त्या एवढ्याशा गावात पाय ठेवायला जागा नसते. पाऊस आला म्हणून मी एका सभागृहात शिरलो. आत शंभरेक माणसं चौकाचौकाने उभी होती. एका चौकात एक माणूस कमी होता. सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी माझ्याकडे बोट केलं, आणि मी आत.

हा ‘सेट’. चार जोड्या, चौकाच्या चार बाजूंना एकेक. पहिली जोडी वादकांकडे पाठ करून उभी राहते, दुसरी तिच्या समोर. या दोन ‘वरच्या’, उरलेल्या दोन ‘बाजूच्या’. नाचाचे पाच-सहा भाग असतात. प्रत्येक भाग संपला की संगीत थांबतं, लोक घाम पुसतात, दोन शब्द बोलतात आणि पुन्हा उभे राहतात. धून बहुधा बत्तीस मात्राखंडांची: आठांचा पहिला चरण दोनदा, आठांचा दुसरा दोनदा. नाचाचं सगळं गणित या आठांवर चालतं. आठात चौकाभोवती फेरी, आठात समोरच्या जोडीशी जागांची अदलाबदल, आठात जोडीदाराला धरून गिरकी. मी अर्थातच पायांकडे पाहत होतो. बाई म्हणाल्या, “पाय तुझेच आहेत, कुठे जात नाहीत. माझ्याकडे बघ.” गिरकी घेताना जोडीदाराच्या डोळ्यांत पाहिलं नाही तर भोवळ येते, हे मला तेव्हा कळलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज सांगितलं की त्या लहान असताना हा नाच ‘आयरिश नाही’ असं त्यांच्या शाळेत शिकवलं जाई. मला वाटलं मी ऐकण्यात चूक केली. ती चूक नव्हती. पुढची दोन-तीन वर्षं मी जे वाचत गेलो ते त्या एका वाक्यापायी.

त्या वाक्याची सुरुवात १८९३मध्ये आहे. त्या वर्षी डग्लस हाइड, ओइन मॅकनील आणि इतरांनी डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन केली. मरू घातलेली आयरिश भाषा वाचवायची हे तिचं मुख्य काम. पण नुसत्या व्याकरणाच्या वर्गांना तरुण मुलंमुली किती दिवस येणार? लीगच्या लंडन शाखेचा चिटणीस फिनान मॅक कॉलम याने तिथल्या स्कॉटिश मंडळींच्या गाण्यानाचाच्या संध्याकाळी पाहिल्या होत्या. तसंच काही आपणही करावं, असं ठरून ३० ऑक्टोबर १८९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये पहिली सार्वजनिक ‘केली’ झाली. आयरिश राष्ट्रीय नृत्याची म्हणून जी संध्याकाळ जगभर ओळखली जाते ती अशी लंडनमध्ये जन्मली, आणि कल्पना स्कॉटिश लोकांची.

या शब्दावर क्षणभर थांबतो. आयरिशमध्ये केली म्हणजे मुळात शेजाऱ्याकडे जाणं. आपण ‘बसायला जातो’ तेच. संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीपाशी बसायचं, गप्पा, गोष्टी, एखादं गाणं. नाच झाला तर झाला. मराठी कानाला मात्र त्यात संस्कृतातली केली ऐकू येते, जलकेलीतली, क्रीडा या अर्थाची. दोहोंचा काही संबंध नाही. पण मिलटाउन मॅलबेच्या सभागृहात फलकावर तो शब्द वाचताना मला प्रत्येक वेळी आपलीच केली आठवली, आणि ती तिथे शोभलीही.

तर ब्लूम्सबरीच्या त्या पहिल्या संध्याकाळी लोक काय नाचले? सेट, क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ. धुना फक्त आयरिश. म्हणजे जे घरी नाचत होते तेच. गडबड पुढे झाली. राष्ट्रीय चळवळीच्या संध्याकाळी परकी नाच कसा चालेल, असा प्रश्न कुणीतरी विचारला. असा प्रश्न एकदा विचारला गेला की त्याला ‘चालेल’ असं उत्तर द्यायला धैर्य लागतं. सेटची वंशावळ पाहिली तर तो परका होताच. क्वाड्रिल हा पॅरिसचा नाच. १८१५च्या सुमारास लंडनच्या उच्चभ्रूंनी तो उचलला, आणि नेपोलियनच्या लढायांवरून परतलेले सैनिक व फिरते नृत्यशिक्षक यांच्यामार्फत तो आयर्लंडच्या खेड्यांत गेला. हे शिक्षक एखाद्या गावात काही आठवडे मुक्काम टाकत आणि डावंउजवं न कळणाऱ्या मुलांच्या एका पायाला गवत व दुसऱ्याला पेंढा बांधून शिकवत. खेड्यांनी क्वाड्रिलच्या संथ फ्रेंच धुना काढून टाकल्या आणि तिथे आपल्या रील, जिग, पोल्का घातल्या. दरबारी तोल गेला, टाच आली. क्लेअरमध्ये रीलच्या अंगाने जमिनीवर ठोके देणारा नाच झाला, कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूक्राच्या डोंगरपट्ट्यात पोल्काचा. ऐंशी वर्षांत त्यात फ्रेंच म्हणावं असं फार थोडं उरलं होतं.

पण लीगला फार जुनं, अस्सल, गेलिक काहीतरी हवं होतं. लंडनमध्ये राहणाऱ्या पॅट्रिक रीडी या जुन्या नृत्यशिक्षकाला पाचारण झालं, केरीत शोधमोहीम गेली, १९०२मध्ये ओ’कीफ आणि आर्ट ओ’ब्रायन यांचं नाचांचं पुस्तक निघालं. त्यातून ‘केलीचे नाच’ म्हणून जो संच तयार झाला त्यातले बरेचसे नृत्यशिक्षकांनीच रचलेले किंवा बेतलेले होते. हेमेकर्स जिग हा मान्य नाच इंग्रजांच्या सर रॉजर डी कव्हर्लीचं सख्खं भावंड दिसतो. उलट लान्सर्स हा ‘परका’ म्हणून बाहेर काढलेला सेट. त्याच्या रचनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांतला एक, द्युव्हाल, डब्लिनचा शिक्षक होता. १९३०च्या सुमारास आयरिश नृत्य आयोग उभा राहिला, मान्य नाचांच्या पुस्तिका निघाल्या, मान्य शिक्षकांची नोंदणी झाली. सेट शिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. माझ्या जोडीदार बाईंनी शाळेत ऐकलं ते हे.

शुद्धीची ही हौस भारतीय वाचकाला परकी वाटू नये. आयर्लंडच्या त्याच पिढीतलं एक जोडपं, कवी जेम्स कझिन्स आणि संगीताची पदवीधर मार्गारेट कझिन्स, १९१५मध्ये भारतात आलं. ‘जन गण मन’चं स्वरलेखन १९१९मध्ये मदनपल्लीला मार्गारेटबाईंनी केलं, आणि रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्राशी या पतीपत्नींचे निकटचे संबंध होते. सदिर धुऊन पुसून भरतनाट्यम् झालं तो काळ आणि ती हवा त्यांनी जवळून पाहिली. डब्लिनमध्येही त्यांनी असंच काही पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं. आणि क्वाड्रिलची जात आपल्या किनाऱ्यावरही उतरली होती. गोव्याच्या मांड्यात स्त्रीपुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, त्यात अभ्यासकांना पोर्तुगीजांसोबत आलेल्या कंत्रादान्सचा ठसा दिसतो. क्वाड्रिल त्याच कुळातला. मांडो गोव्याचा नाही असं म्हणायला आज कुणी धजणार नाही.

राष्ट्रवाद्यांनी सेटला दारात उभं केलं नाही. घराबाहेर काढलं ते चर्चने आणि सरकारने. स्वातंत्र्य मिळालं आणि नव्या राज्यात नाचाबद्दलची काळजी वाढीला लागली. ऑक्टोबर १९२५मध्ये बिशपांचं नाचघरांविरुद्धचं निवेदन देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. पाद्री हातात काठी घेऊन कुंपणाकडेने फिरत, घरातल्या नाचात शिरत, कुणाची कॉन्सर्टिना फोडत, अशा आठवणी क्लेअरमध्ये आजही सांगितल्या जातात. लेट्रिम काउंटीत जिमी ग्रॅल्टन या अमेरिकेहून परतलेल्या कम्युनिस्टाने एक सभागृह चालवलं होतं. तिथे वर्ग भरत, चर्चा होत आणि नाचही होई. डिसेंबर १९३२मध्ये ते जाळण्यात आलं, आणि ऑगस्ट १९३३मध्ये ग्रॅल्टनला त्याच्या जन्मभूमीतून अमेरिकेत हद्दपार केलं गेलं. एकट्या नाचासाठी नव्हे, राजकारणासाठी. पण त्या राजकारणाला लाकडी जमीन होती म्हणून ते धोक्याचं वाटलं. तो १९४५मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०१६मध्ये.

१ जानेवारी १९३४ रोजी त्याच लेट्रिममधल्या मोहिल गावात जॅझविरोधी मोर्चा निघाला, आणि १९३५मध्ये सार्वजनिक नाचघरांचा कायदा आला. लोकांना खुला असलेला कुठलाही नाच आता जिल्हा न्यायालयाच्या परवान्याशिवाय चालणार नव्हता. न्यायाधीशाने अर्जदाराचं चारित्र्य पाहायचं, जागा पाहायची, कुणाला किती वयाचा प्रवेश हे ठरवायचं, मोटारी उभ्या करायला जागा आहे का तेही पाहायचं. शेजाऱ्यांना घरी बोलावून नाचायला या कायद्यात थेट मनाई नाही. पण कायदा वाचतो कोण? घरातल्या नाचाला कधीकधी थोडे पैसे जमवत असत: कुणाची अडचण भागवायला, कुणाच्या अमेरिकेच्या प्रवासाला. तेवढं निमित्त पोलिसांना आणि पाद्र्यांना पुरलं. ज्या रात्री घरातलं मूल अमेरिकेला निघायचं त्या रात्रीच्या नाचाला तिथे ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे प्रेतापाशी जागवलेली रात्र. निघालेला बहुधा परत दिसणार नसे. तीही रात्र आता घरात चोरून साजरी करायची पाळी आली.

क्लेअरमधल्या मलाचा फिडलवादक ज्युनियर क्रेहन याने हे सगळं पाहिलं. त्याच्या रचनांत घरातल्या नाचाच्या मृत्यूवरचा एक विलाप आहे. पुढाऱ्यांवर टीका करणारी भाषणं पुष्कळ झाली. एखादा कायदा काय करतो हे धुनेत सांगितलेलं मला तरी दुसरीकडे आढळलेलं नाही.

पण इथे गोष्ट वळण घेते, आणि मला ती याच वळणासाठी आवडते. नाच घरातून सभागृहात गेला. बहुतेक वेळा पाद्र्यांच्याच देखरेखीखालच्या सभागृहात. स्वयंपाकघरात एक फिडल किंवा एक कॉन्सर्टिना पुरायची. शेदोनशे पायांच्या आवाजावर ती कुठून ऐकू येणार? म्हणून वादक एकत्र बसू लागले. दोन-तीन फिडल, दोन बासऱ्या, बटणांची अकॉर्डियन, पाठीशी पियानो आणि ड्रम: ही केली बँड. त्याआधीही असे ताफे होते. लंडनमध्ये १९१८च्या सुमारास फ्रँक ली याचा तारा केली बँड होता, आणि क्लेअरच्या किल्फेनोरा गावाचा ताफा आपली सुरुवात १९०९ची सांगतो, तीही गावच्या चर्चसाठी पैसा उभा करायला. पण गावोगाव बँड उगवले ते या सभागृहांमुळे. घरातला नाच ज्या कायद्याने मोडला त्याच कायद्याच्या सभागृहात हे संगीत वाढलं.

किल्फेनोरा आणि टुला ही क्लेअरमधली दोन नावं. टुला केली बँड १९४६चा, त्यात पी. जो हेझ, पॅडी कॅनी यांच्यासारखे फिडलवादक. १९५१मध्ये पारंपरिक संगीतकारांची कोल्तस ही संस्था निघाली, तिच्या वार्षिक जत्रेत अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाल्या आणि या दोन ताफ्यांची चुरस लागली. किल्फेनोराने १९५४, ५५, ५६ अशी लागोपाठ तीनदा बाजी मारली, १९५७मध्ये टुलाने. त्या काळात गावं या दोघांवरून भांडत. आपल्याकडे गावच्या कुस्तीच्या फडावरून भांडतात तशी. किल्फेनोराचा कणा होती पियानो वाजवणारी किटी लिनेन. चाळीसेक वर्षं ताफा तिने चालवला, कार्यक्रम ठरवले. रेडिओवर ‘टेक द फ्लोअर’ नावाचा कार्यक्रम लोकप्रिय होता. त्यात चक्क नाच ऐकवला जाई: लाकडी फळीवरचे ठोके, आणि डिन जो या निवेदकाची बडबड. रेडिओवरचा नाच म्हणून लोक हसत. मला त्यात घोड्याच्या कवटीचाच न्याय दिसतो: हा नाच मुळात कानांनी पाहायचा.

प्रतिष्ठित मंडळींना हे बँड आवडत नव्हते. शॉन ओ रियादा हा तेव्हाचा सर्वांत प्रतिभावान संगीतकार. १९६२मध्ये त्याने आकाशवाणीवरून आयरिश संगीतावर व्याख्यानमाला दिली आणि केली बँडची तुलना उलट्या बरणीत कोंडलेल्या माशीच्या गुणगुणीशी केली. सगळे एकच धून, एकाच वेळी, शेवटपर्यंत, सारख्या जोराने वाजवतात, हा त्याचा आक्षेप. आक्षेप खोटा नाही. खुर्चीत बसून तासभर केली बँड ऐकणं मलाही जड जातं. पण ताशाही खुर्चीत बसून ऐकायचा नसतो. चौकात उभा असताना मला कळलं की पियानोचा डावा हात आणि ड्रमच्या लाकडी ठोकळ्याची टकटक ही माझ्या पायाखालची जमीन आहे. फिडलवाला तिथे आपली कल्पकता दाखवायला गेला तर माझी गिरकी चुकेल. ओ रियादाने ऐकणाऱ्याच्या बाजूने न्याय केला. नाचणाऱ्याला त्याने साक्षीलाही बोलावलं नाही. त्याच्या कल्पनेतून पुढे जे सुंदर मैफिली संगीत निघालं त्याचं मोल मी जाणतो, पण त्यावर कुणी नाचलं नाही.

बँड पडले ते टीकेने नाही. पन्नास-साठच्या दशकांत शोबँड आले, चकाकणारे सूट, माइक, एल्व्हिसची गाणी. निम्मी तरुण पिढी इंग्लंडात मजुरीला गेली होती. लंडनच्या क्रिकलवुडमध्ये गॅल्टीमोर नावाचं नाचघर १९५२मध्ये उघडलं. त्यात दोन दालनं, एकात केली, दुसऱ्यात आधुनिक नाच. खेड्यातून आलेला बांधकाम मजूर शनिवारी रात्री मधल्या दारात उभा राहून ठरवत असेल, आज कुठे जायचं. ते २००८मध्ये बंद झालं.

पुनरुज्जीवनाची सुरुवात कुठे धरायची, यावर दुमत आहे. १९७०च्या दशकात स्पर्धांमधून सेटला थोडी जागा मिळाली. पण बहुतेक लोक १९८२ साल धरतात: त्या वर्षी विली क्लॅन्सी शाळेत कॉर्कचे जो ओ’डोनोवन आणि त्यांच्या पत्नी शिवॉन यांनी सेटचा वर्ग घेतला. त्यानंतर टिपररीचा कॉनी रायन. हा माणूस देशभर आणि देशाबाहेर फिरला. विनोद करत, रागावत, हजारोंना शिकवत. जुन्या गावी जायचं, दोन-चार म्हाताऱ्यांना गाठायचं, त्यांना आठवतं ते नाचून घ्यायचं आणि पुढच्या शनिवारी शंभरांना शिकवायचं, ही त्याची रीत. तो १९९७मध्ये गेला. पॅट मर्फी याने १९९५मध्ये या सेटांचं टिपण पुस्तकात छापलं. नाचायला माणसं मिळाली तशी वाजवायलाही मिळाली: किल्फेनोरा नव्या पिढीसह पुन्हा उभा राहिला आणि १९९३ ते ९५ अशी पुन्हा लागोपाठ तीन वर्षं जिंकला.

१९९४मध्ये रिव्हरडान्स आलं आणि जगाला वाटलं आयरिश नाच म्हणजे ताठ हातांची ती लखलखती रांग. त्याने सेटला काही दिलं का? माझ्या मते फारसं नाही. ते बघायचं असतं. सेट नाचणाऱ्यांत चाळिशीच्या पुढचे पुष्कळ, एकटे, घटस्फोटित, विधुर. जोडीदार घेऊन यायची गरज नाही, दारूची गरज नाही, आणि तीन तासांत चाळीस अनोळखी हात हातात येतात. पश्चिमेकडच्या एकाकी शेतमळ्यांच्या देशात हे लहान नाही.

किंमतही मोजली गेली आहे. पुस्तकात आलं की एक पाठ पक्का होतो. आज कॉर्कमध्ये, शिकागोत, बर्लिनमध्ये तोच कॅलेडोनियन सेट, त्याच वळणांनी. क्लेअरचे पायाचे ठोके जिथे कधीच नव्हते तिथेही पडतात, कारण ते ऐकायला छान वाटतात. आयोगाने जी शिस्त लावून सेटला बाहेर ठेवलं, त्याच्याच एका सौम्य रूपाने तो आता आत आला आहे.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, माझ्या बाई आणि त्यांच्याच भागातले एक वयस्क गृहस्थ यांचं चांगलंच वाजलं. त्यांच्या गावच्या सेटचा चौथा भाग शिक्षक लिहून घेत होता. बाई म्हणत होत्या, बाजूच्या जोड्या आधी डावीकडे जातात. गृहस्थ म्हणत होते, उजवीकडे. माझ्या वडिलांच्या स्वयंपाकघरात डावीकडे चूल होती, जाणार कुठे? बाई म्हणाल्या, आमच्या घरात चूल उजवीकडे होती. शिक्षकाने वहीत दोन्ही लिहिलं. मग ठोकळ्यावर दोनदा टकटक झालं, आणि चौकातली अर्धी माणसं डावीकडे निघाली, अर्धी उजवीकडे.